पट अकरा, वर्ग पाच, शिक्षिका एक : शाळा वाचवायची तर सुरुवात कुठून करायची?

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातून एका आईने विचारलं आहे. त्या शाळेच्या एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीच्या, सदस्य आहेत. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा : "आमची सरकारी मराठी शाळा पहिली ते पाचवी. पट अकरा, टीचर एकच. सीआरपी (आसपासच्या शाळांवर लक्ष ठेवणारे शिक्षण खात्याचे कर्मचारी) येऊन सांगून गेले की पट वाढला नाही तर जूनपासून मुलं शेजारच्या गावच्या शाळेत जातील. ती शाळा अडीच किलोमीटरवर, मध्ये ओढा. गावातले पुढारी म्हणतात, बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसवर मोर्चा काढू, शाळेला टाळं ठोकू. आम्हा बायकांना काय करावं कळेना. आणि टीचरांनाच बदली हवी आहे अशी कुजबुज आहे."

ताई, मोर्चाचं नंतर बघू. आधी टाळ्याबद्दल सांगतो, कारण ती चूक मी स्वतः करून बसलो आहे.

मी तेहतीस वर्षं सरकारी मराठी शाळांत शिकवलं, शेवटची काही वर्षं हेडमास्तर म्हणून. निवृत्त झाल्यावर गावोगावच्या कमिट्यांबरोबर फिरू लागलो. पहिल्याच वर्षी एका गावात दुसरा शिक्षक मिळावा म्हणून आम्ही शाळेच्या गेटला कुलूप घातलं. पेपरात फोटो आला, सगळे खूश. कुलूप नऊ दिवस राहिलं. दहाव्या दिवशी शिक्षक आला, पण तोवर चार घरांनी आपली पोरं इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये बसवली होती. ती परत आली नाहीत. हजेरीबुकात नऊ दिवस कोरे, बिसिऊटाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, वहीत नऊ दिवस शून्य ताटं. पुढच्या वर्षी विलीनीकरणाची गोष्ट निघाली तेव्हा साहेबांनी त्याच दोन वह्या समोर ठेवल्या आणि म्हणाले, "गुरुजी, तुमच्याच गावाला नऊ दिवस शाळा लागली नाही." मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही. तेव्हा गेट उघडं ठेवा. फार तर आयांनी पाळी लावून वर्गात मागच्या बाजूला येऊन बसावं. शिक्षक कमी आहे हे बघायला आलेल्या माणसाला वर्गात बसलेल्या चार आया जास्त अवघड जातात.

आता मोजणी. अकरा हा पटावरचा आकडा झाला. गावात पहिली ते पाचवीच्या वयाची मुलं किती, हे तुम्हाला नक्की सांगता येईल का? बहुतेक गावांत येत नाही. दोनशे पानी वही घ्या, दोघी-दोघींनी घरं वाटून घ्या, आणि संध्याकाळी दूध घालून झाल्यावर फिरा. जन्मापासून चौदा वर्षांपर्यंतचं प्रत्येक मूल लिहा : जन्मतारीख, आता कुठे जातं, कशाने जातं, महिन्याला किती खर्च होतो, आणि शेवटचा रकाना "का". हा शेवटचा रकाना आईकडून भरून घ्या. बापाला विचारलं की तो "इंग्लिश पाहिजे" एवढंच सांगतो. आई सांगते ते वेगळं असतं. टीचर बीईओ ऑफिसला मीटिंगला गेल्या की पोरं दिवसभर एकटी असतात. संडासाला पाणी नाही. पाचवीतला एक दांडगा पोरगा पहिलीतल्यांना मारतो. एका गावात तर तीन घरांनी केवळ कंपाउंड नाही आणि मागे विहीर उघडी आहे म्हणून पोरं काढली होती. ती विहीर झाकायला ग्रामपंचायतीला दोन दिवस लागले. विलीनीकरण थांबवायला कोर्टात जायची भाषा चालली होती!

मोजणीत हमखास निघणारे काही प्रकार सांगतो. गावातून बाहेर जाणारी पोरं तर असतातच. शिवाय बाप उद्यमबागेत फाउंड्रीत किंवा गोव्यात कामाला, म्हणून मूल बेळगावात मावशीकडे ठेवलेलं असतं आणि तिथेही शाळेत धड जात नसतं. वीटभट्टीवर, उसाच्या तोडीवर आलेल्या घरांतली मराठी बोलणारी पोरं गावाच्या कडेला असतात आणि ती कुणाच्याच यादीत नसतात. ही पोरं तुमच्या शाळेची आहेत. दाखला नाही, वयाचा पुरावा नाही म्हणून त्यांना परत पाठवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ हे स्पष्ट सांगतो. खासगी शाळेने फी थकली म्हणून टीसी अडवली तरी त्यापायी प्रवेश लांबवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. अडचण प्रत्यक्षात संगणकावर येते. सॅट्सवर, म्हणजे खात्याच्या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीत, मुलाचं नाव जुन्या शाळेकडेच राहतं, आणि नाव इकडे आलं नाही तर मूल वर्गात बसूनही आकड्यात धरलं जात नाही. हे काम सीआरपी आणि बीईओ ऑफिसकडून पाठपुरावा करून जूनमध्येच उरकून घ्या. यू-डायससाठी, म्हणजे शाळांच्या वार्षिक सरकारी माहितीसाठी, पट धरण्याची तारीख पूर्वापार ३० सप्टेंबर आहे. गणपती झाल्यावर बघू म्हणाल तर हातात काही राहत नाही.

इथे एक सांगून ठेवतो. पट फुगवू नका. न येणाऱ्या पोरांची नावं घालून वेळ मारून नेलेली गावं मी पाहिली आहेत. कुणीतरी दुपारी बाराला येतं, ताटं मोजतं, आणि मग खऱ्या अकरा पोरांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

पट का घसरतो, याचं माझ्या अनुभवातलं सगळ्यात मोठं कारण शाळेत नसतंच. ते अंगणवाडीत असतं. आपल्याकडे सरकारी पहिलीला साधारण सहा वर्षं लागतात. खासगी नर्सरी मात्र साडेतीन-चार वर्षांच्या पोराला उचलते. मधल्या दोन-अडीच वर्षांत त्याला व्हॅनची, टायची, तिथल्या मित्रांची सवय होते. सहाव्या वर्षी तुम्ही हेडमास्तरांना घेऊन त्या घरी गेलात तर आई चहा देते आणि म्हणते, "आता कसं काढायचं?" तिचं बरोबरच असतं. म्हणजे तुमची पुढल्या तीन वर्षांची पहिली आज अंगणवाडीत बसलेली आहे, किंवा तिथून निसटते आहे. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे आणि शाळा शिक्षण खात्याकडे, त्यामुळे एकाला दुसऱ्याचं काही पडलेलं नसतं. सीमाभागात आणखी एक गाठ असते. अंगणवाडीताई कन्नडभाषक आणि पोरं घरी फक्त मराठी बोलणारी असतील, तर लहान पोर पहिल्याच आठवड्यात रडून घरी पळतं. यात त्या ताईंचा दोष नसतो. त्यांच्याशी भांडू नका. गावातली बारावी झालेली एखादी मुलगी रोज दोन तास गाणी-गोष्टींसाठी त्यांच्या जोडीला द्या, तिला कमिटीकडून काहीतरी मानधन द्या. काही गावांनी लोकवर्गणीतून शाळेच्याच आवारात एलकेजी-यूकेजीचा वर्ग चालवला. त्याचा पट पहिलीच्या पटात धरला जात नाही, पण दोन वर्षांनी तीच पोरं पहिलीत येऊन बसतात. शाळेसाठी एकाच ठिकाणी पैसा घालायचा असेल तर मी इथे घालीन.

आता सगळ्यात अवघड भाग, कारण इथे आपण एकमेकांशी खोटं बोलतो. पोरांना मराठी शाळेतून काढणाऱ्या आईला भाषेचं प्रेम नाही असं व्यासपीठावरून म्हणणं सोपं आहे. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्याच्या स्थापनादिनी, निषेधाचे काळे झेंडे घेऊन फेरीत चालणाऱ्यांपैकी किती जणांची नातवंडं मराठी शाळेत आहेत, हे गावाला माहीत असतं, आणि आयांना तर पक्कं माहीत असतं. त्यांना दोन भीती असतात. पोराला कन्नड आलं नाही तर तलाठ्यापासून बँकेपर्यंत अडेल, आणि इंग्रजी आलं नाही तर नोकरी मिळणार नाही. दोन्ही खऱ्या आहेत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक सरकारच्याच खटल्यात निकाल दिला की प्राथमिक वर्गांत मातृभाषेची सक्ती पालकांवर करता येणार नाही. म्हणजे पालकाची निवड ही शेवटची गोष्ट आहे, आणि तिला धमकावून जिंकता येत नाही.

पण आपल्या मराठी शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकवतात हेच पुष्कळ घरांना ठाऊक नसतं. राज्यातल्या सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००७-०८ पासून आहे. मग ते दाखवा. एका गावात आम्ही गणपतीच्या मांडवात आरतीनंतर चौथीतल्या एका मुलीला उभं केलं. तिने आधी मराठीतली गोष्ट वाचली, मग हेस्कॉमचं, म्हणजे विजेचं, कन्नड बिल मोठ्याने वाचून कुणाची किती थकबाकी आहे ते सांगितलं (मांडवात हशा), आणि मग आजीच्या औषधाच्या डबीवरची इंग्रजी नावं वाचली. बिल तिच्या घरातलंच होतं, पण गावाने श्वास रोखून ऐकलं. आधी दोन महिने टीचरांनी तिच्यावर मेहनत घेतली होती हे खरं. पण ती एकटी नव्हती, सहा जणांची तयारी करून घेतली होती. पुढच्या जूनमध्ये पाच नवे प्रवेश झाले. त्यातले दोन व्हॅनमधून उतरून आलेले. भिंती रंगवून, स्मार्ट टीव्ही बसवून असा परिणाम झालेला मी पाहिलेला नाही.

नलीकली या शिकवायच्या पद्धतीचंही पालकांना समजावून सांगा. पहिली ते तिसरीची पोरं एकत्र, जमिनीवर गट करून, कार्डं घेऊन बसतात. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झालेली ही पद्धत छोट्या शाळेला फार सोयीची आहे, कारण प्रत्येक पोर आपल्या गतीने पुढे जातं. खिडकीतून बघणाऱ्या बापाला मात्र वाटतं, पोरं खेळताहेत, शाळा चाललीच नाही. एकदा पालकांनाच गटात बसवून कार्डं हाताळू द्या.

आता कायद्याचं. तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत आणि त्यांची ताकद सारखी नाही.

सगळ्यात भक्कम अंतर. कर्नाटकच्या शिक्षण हक्क नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटर चालण्याच्या अंतरात हवी. तुमची पुढची शाळा अडीचवर आहे. खातं म्हणेल, वाहतूक भत्ता देतो. त्यावर विचारा, जुलैत ओढा भरला की कुठलं वाहन येणार? आपल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाची बेंगळूरच्या फायलीला कल्पना नसते. आणि हा ओढा मार्चमध्ये दाखवता येत नाही, मार्चमध्ये तिथे गुरं बसलेली असतात. म्हणून भर पावसात, तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा. चार पावसाळी दिवसांचे पुरेत. जंगलातली वाट असेल तर वनखात्याने अस्वलाबद्दल, हत्तीबद्दल दिलेल्या सूचनाही जोडा.

दुसरी गोष्ट शिक्षकसंख्या. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिले आहेत. म्हणजे अकरा पोरांनाही दोन शिक्षक मिळाले पाहिजेत. तुमची शाळा एकशिक्षकी ठेवून पट घसरू द्यायचा आणि मग पट घसरला म्हणून बंद करायची, हे चक्र नेमकं इथे अडवता येतं. कायमचा शिक्षक लगेच येणार नाही, अतिथी शिक्षक मागा. मराठी माध्यमाचाच हवा हे अर्जात लिहा, नाहीतर येणारा माणूस चांगला असूनही पोरांशी बोलू शकत नाही.

तिसरी गोष्ट भाषिक अल्पसंख्याकांचं संरक्षण. राज्यघटनेचं कलम ३५०-अ १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलं. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा, असं ते सांगतं. त्याआधी १९४९ मध्ये शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत सूत्र ठरलं होतं : शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा मुलं त्या भाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. भाषणात हे फार घेतलं जातं. पण ताई, कलमात "प्रयत्न करावा" असं आहे, आणि चाळीस-दहाचा आकडा तुमच्या शाळेला उलटाच लागू शकतो. म्हणून अर्जात अंतर आधी, शिक्षक नंतर, घटना शेवटी. या तिसऱ्या मुद्द्याचा उपयोग एकाच ठिकाणी पक्का होतो : मराठी माध्यमाची मुलं कन्नड माध्यमाच्या शाळेत "विलीन" करायचा प्रस्ताव आला तर. तिथे एक पाऊलही मागे घेऊ नका.

अर्ज कन्नडमध्ये लिहा. हे वाचून काही जण माझ्यावर चिडतील. मराठीत कागदपत्रं मिळणं हा आपला हक्क आहे आणि त्यासाठीची लढाई मला मान्य आहे, पण तुमच्याकडे जूनपर्यंतच वेळ आहे. टेबलावरचा क्लार्क जे वाचू शकतो ते वरच्या टेबलावर जातं. कन्नड मूळ, मराठी प्रत सोबत. एसडीएमसीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव, मोजणीच्या वहीची नक्कल, ओढ्याचे फोटो, आणि जूनमध्ये दाखल होणाऱ्या मुलांच्या पालकांच्या सह्या एवढं जोडा. बीईओंना, बेळगावच्या डीडीपीआयना (जिल्ह्याच्या शिक्षण उपसंचालकांना) आणि शिक्षण खात्याच्या धारवाडच्या अपर आयुक्तांना एकाच दिवशी द्या. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. "ठेवून जा, बघतो" म्हणजे अर्ज दिलेलाच नाही असं धरा. एका ऑफिसात माझा असाच अर्ज सात महिन्यांनी "आलाच नाही" असं निघालं. शिक्का घेतला नव्हता, दोष माझाच.

ठरावाच्या आधी एक तपासा. एसडीएमसीचे अध्यक्ष कोण आहेत? कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया लागतात. अध्यक्षांचं स्वतःचं मूल व्हॅनमध्ये जात असेल तर तो ठराव साहेब एका वाक्यात उडवतात. असं असेल तर आधी निवड नव्याने करा. तुम्हीच व्हा की. तुमचं मूल शाळेत आहे, प्रश्नही तुम्हीच विचारला आहे.

मोर्चा हवाच असेल तर डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधापुढे, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीपुढे, होणाऱ्या गर्दीत जाऊ नका. अधिवेशनाच्या दिवसांत तिथे इतके तंबू असतात की अकरा पोरांची शाळा कुणाच्या लक्षातही राहत नाही. त्यापेक्षा दर सोमवारी दोन माणसांनी बीईओ ऑफिसात जाऊन अर्जाचं काय झालं ते विचारायचं, तारीख वहीत लिहायची. गावात निवृत्त फौजी असतील तर हे काम त्यांना द्या. वेळेवर जातात, आवाज चढवत नाहीत आणि उत्तर मिळाल्याशिवाय हलत नाहीत.

पैशाचं थोडक्यात. कंपाउंड, संडास, मैदान, स्वयंपाकखोली यांसाठी वर्गणी काढू नका, ती कामं पंचायतीमार्फत रोजगार हमीतून होतात, पीडीओंच्या (पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांच्या) मागे लागा. गावची वर्गणी माणसांवर खर्च करा : अंगणवाडीतली ती मुलगी, वाडीवरून पोरं आणणारी टमटम. पुण्या-मुंबईतले माजी विद्यार्थी कमान बांधून द्यायला फार उत्सुक असतात. त्यांना प्रेमाने टमटमच्या डिझेलकडे वळवा. आणि शाळेच्या जागेचा उतारा काढून बघा. मुंबई इलाख्याच्या काळापासूनच्या आपल्या कितीतरी शाळा गावकऱ्यांनी तोंडी दिलेल्या जमिनीवर उभ्या आहेत. शाळा बंद झाली की दिलेल्याचा नातू कुंपण घालायला येतो, आणि मग शाळा पुन्हा उघडायची वाटच संपते.

एवढं करूनही पट पाच-सहावर आला तर? मग मी वेगळा सल्ला देईन, आणि तो गावाला आवडणार नाही. वर्गात एकटं बसणारं मूल शिकत नाही. खेळायला, भांडायला, चुका काढायला बरोबरीचं पोर लागतं. अशा वेळी जवळच्या मराठी शाळेत जाणं वाईट नाही, पण अटी लेखी घ्या : वाहन कोणाचं, पावसाळ्यात काय, आणि शाळा कायमची बंद न करता तात्पुरती थांबवलेली आहे, पुन्हा मुलं आली तर उघडेल. तोंडी आश्वासन नको. साहेब बदलून जातात.

राहता राहिलं टीचरांच्या बदलीचं. बाईंना बदली हवी असेल तर त्यांना गद्दार म्हणू नका. एकटीने पाच वर्ग, बिसिऊट, दूध, अंडी, सॅट्स आणि मीटिंगा सांभाळणारं माणूस थकतं. शाळा विलीन झाली की त्या "हेच्चुवरी", म्हणजे जादा ठरून कुठेही फेकल्या जाऊ शकतात, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर दोघी-तिघी त्यांच्याकडे जा. तक्रार घेऊन जाऊ नका, मोजणीची कोरी वही घेऊन जा आणि विचारा, "बाई, कुठल्या घरापासून सुरू करू?" कोणत्या घरात कोणतं पोर आहे हे गावात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.